अपंगांचा व्यायाम आणि घरची मजुरी
(नरखेड येथील भाषणाचा मजकूर)



नरखेड तालुक्यात संत्र्याची तोड आणि कापसाची वेचणी सुरू झाली, की घरातील प्रत्येक हाताला मोल येते. ज्या घरात कोणी अपंग आहे, तेथला हिशेब मात्र निराळा असतो. त्याची मजुरी तर बुडतेच. शिवाय त्याला उठवण्या-बसवण्यासाठी घरी थांबणाऱ्या बाईचीही बुडते. ही दुसरी बुडालेली मजुरी सहसा कोणी मोजत नाही.

ती वाचवणे, हे अपंगांच्या व्यायामाचे पहिले आर्थिक फळ होय. हालचाल थांबली की सांधे आखडतात, स्नायू क्षीण होतात, एकाच कुशीवर पडून जखमा होतात. मग दवाखाना आणि पाठोपाठ कर्ज. उलट, दंड बळकट असले तर पाय लुळे पडलेला माणूसही खाटेवरून चाकाच्या खुर्चीत स्वतः जाऊ शकतो. जयपूर पाय लावून चालण्यासही उरलेल्या पायात जोर लागतो. असा माणूस संत्र्यांची प्रतवारी करील, दुकान सांभाळील. आणि घरची बाई कामावर जाऊ शकेल.

याला दाखले आहेत. १९५१ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारण्यास आरंभ केला, तेव्हा कुष्ठरोगाने अधू झालेल्या हातांनीच तेथली खडकाळ जमीन कसली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर पोहण्याकडे वळले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. प्रत्येकाला पदक मिळणार नाही, त्याची गरजही नाही. प्रत्येकाला रोजी मात्र हवी.

परंतु व्यायामाचा उपदेश करून समाजाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. दंड कमावले आणि कचेरीच्या दारात पायऱ्याच आडव्या आल्या, तर ते बळ काय कामाचे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या आहेत, खेळात सहभागी होण्याचा हक्कही मान्य केला आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावयाचे आहेत. वर्षातून एकदा वस्तू वाटून हा पैसा संपवण्यापेक्षा गावच्या व्यायामशाळेत समांतर दांड्या बसवाव्यात, दाराशी उतार बांधावा, व्यायाम शिकवणारा जाणकार आठवड्याला गावात आणावा. ग्रामसभेत हा ठराव मांडणे कोणालाही शक्य आहे.

ही मागणी दयेची नाही. एका घराच्या दोन बुडालेल्या मजुऱ्यांचा तो साधा हिशेब आहे.