जपान : पाहावे काय आणि कसे?

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा शब्दांकित मजकूर)



जपानला जाऊन आलेली मराठी कुटुंबे आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावांतही भेटू लागली आहेत. त्यांना काय पाहिले असे विचारावे, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. बुलेट ट्रेन, फुजी पर्वताचे दुरून दर्शन, टोकियोतील झगमगाट आणि क्योतोचे सुवर्णमंदिर. त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या देशाने सरस्वतीला बेन्झाइतेन म्हणून, इंद्राला ताइशाकुतेन म्हणून आणि यमाला एन्मा म्हणून शतकानुशतके पूजिले, त्या देशातून आपण ही दैवते न पाहताच परत यावे, ही गोष्ट मनाला लागते.

आरंभ विमानतळापासूनच करू. नारिता विमानतळावर उतरणाऱ्यांपैकी बहुतेक जण थेट टोकियोची गाडी पकडतात. विमानतळापासून आगगाडीने दहा-एक मिनिटांवर नारिता गाव आहे आणि तेथे इ. स. ९४० मध्ये स्थापन झालेले नारितासान शिन्शोजी हे मंदिर आहे. तेथील मुख्य देवता फुदो म्योओ, म्हणजे आपला 'अचल'. उजव्या हाती खड्ग, डाव्या हाती पाश, पाठीमागे ज्वाळा. त्याच्यापुढे दररोज ठरावीक वेळी 'गोमा' होतो. गोमा म्हणजे होम. शब्दही तोच आणि विधीही मुळात तोच. पुरोहित अग्नीत समिधा अर्पण करतो, ढोल घुमू लागतो आणि जपानी उच्चारांच्या आडून संस्कृत मंत्र ऐकू येतात. आपल्याकडील माणसाला तेथे परके वाटत नाही.

टोकियोत असाकुसाच्या प्रसिद्ध कान्नोन मंदिरात सगळेच जातात. तेथून पायी थोड्याच अंतरावर, सुमिदा नदीकाठच्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन नावाचे मंदिर आहे. हा शोदेन म्हणजे गणपती. त्याची मूर्ती भाविकांना दाखवीत नाहीत. ती बंद देव्हाऱ्यात असते. आपण दूर्वा आणि जास्वंद वाहतो, तेथे भक्तमंडळी पांढरा मुळा वाहतात. या देवतेच्या नैवेद्याचा 'कांगिदान' नावाचा एक तळलेला गोड पदार्थही आहे. तो तोंड बांधलेल्या पुरचुंडीच्या आकाराचा असतो. मराठी गृहिणीने तो पाहिला, तर तिला त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

मात्र येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. आपले देव तेथे आहेत म्हणून जपान आपला झाला, अशी बढाई घेऊन कोणी जाऊ नये. हे देव चीन आणि कोरियामार्गे, बौद्ध धर्माच्या सोबतीने गेले आणि तेथील मातीत रुजले. जपान्यांनी त्यांना आपले रूप दिले, आपले सण दिले. 'दिले आम्ही' एवढाच अभिमान बाळगून तेथे गेलेल्या माणसाला, ते जपले कोणी आणि कसे, हे दिसायचे राहून जाते.

हे जपणे पाहायचे असेल, तर इसे येथे जावे. सूर्यदेवता आमातेरासूचे हे स्थान जपानचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान मानले जाते. गंमत अशी की, तेथे 'पाहण्यासारखे' फारसे काही नाही. कुंपणापलीकडे जाता येत नाही, देवळाचे छप्पर तेवढे दिसते. ना सोन्याचा कळस, ना रंगरंगोटी. साध्या लाकडाची, गवती छपराची वास्तू. परंतु हे देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर पुन्हा तंतोतंत तसेच उभारले जाते आणि मग जुने उतरवले जाते. पहिली पुनर्उभारणी इ. स. ६९० मध्ये झाली. ६२वी २०१३ मध्ये झाली आणि पुढची २०३३ मध्ये व्हायची आहे. मधल्या यादवीच्या काळात शंभरांहून अधिक वर्षे हा क्रम खंडित झाला होता. पुढे तो पुन्हा सुरू करण्यात आला. केवळ देऊळच नव्हे, तर देवीची वस्त्रे, शस्त्रे, पेट्या अशा दीड हजारांहून अधिक वस्तू नव्याने घडवल्या जातात.

वीसच वर्षे का, याची अनेक कारणे सांगितली जातात. मला पटते ते असे : सुतार पहिल्या खेपेस शिकाऊ असतो, दुसऱ्या खेपेस कसबी होतो आणि तिसऱ्या खेपेस मार्गदर्शक. एका आयुष्यात विद्या पुढच्या हाती जाते. लागणाऱ्या हिनोकी वृक्षांसाठी देवस्थानाने गेल्या शतकाच्या आरंभी दोनशे वर्षांचा हिशेब धरून वनराई लावली. लावणाऱ्यांपैकी कोणीही ती झाडे देवळाचे खांब झालेली पाहणार नव्हता! उतरवलेल्या मुख्य खांबांचेही सरपण होत नाही. ते उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरणद्वारांना लावले जातात आणि पुढे आणखी अन्यत्र.

आता आपल्याकडे पाहू. गावोगावची यादवकालीन दगडी देवळे आपण जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंटने रंगवतो. गाभाऱ्यात स्नानगृहाच्या फरशा बसवतो, वर लोखंडी पत्रा ठोकतो. हेतू भक्तीचाच असतो, यात शंका नाही. पण तो दगड घडवणारे हात आज कोठे आहेत, असे विचारणारा विश्वस्त विरळा. इसेची वास्तू तेराशे वर्षांची 'जुनी' नाही. तिची रीत तेराशे वर्षांची आहे. आपण वास्तू जुनी म्हणून मिरवतो आणि रीत हरवून बसतो.

इसेहून नारा फार लांब नाही. तेथे तोदाइजीच्या महाबुद्धाची सुमारे १५ मीटर उंचीची कांस्यमूर्ती आहे. सम्राट शोमूच्या संकल्पातून ती घडली आणि इ. स. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळे रेखण्याचा मान कोणाला मिळाला? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला. हा विद्वान ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता. त्याच्या हातातील कुंचल्याला दोर बांधले होते आणि ते दोर उपस्थितांनी धरले होते, म्हणजे नेत्र उघडण्याच्या पुण्यात सर्वांचा वाटा. आजचे सभागृह १७०९चे आहे आणि ते मूळ सभागृहापेक्षा लहान आहे, तरीही आत शिरताच मान आपोआप वर जाते. बाहेर हरणे हिंडत असतात. मुले त्यांच्यातच रमतात. त्यांना बोधिसेनाची गोष्ट मात्र आधी घरी सांगून न्यावे.

नाराजवळच होर्युजी आहे. जगातील सर्वांत जुन्या लाकडी वास्तू तेथे उभ्या आहेत, सातव्या-आठव्या शतकातल्या. तेथील सुवर्णसभागृहाच्या भिंतींवर बोधिसत्त्वांची चित्रे होती आणि अभ्यासक त्यांची तुलना आपल्या अजिंठ्याशी करीत आले आहेत. आराई काम्पो हे जपानी चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले. पुढे अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या प्रतिकृती १९२३च्या टोकियोच्या भूकंपात नष्ट झाल्या. त्याच काम्पोंनी उतारवयात होर्युजीच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे काम हाती घेतले आणि ते अपुरे असतानाच १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. २६ जानेवारी १९४९ रोजी त्या सभागृहाला आग लागली आणि मूळ चित्रे करपून गेली.

राष्ट्र पराभूत, शहरे बेचिराख, लोक अर्धपोटी, अशा काळातली ही घटना. चार चित्रे जळाली म्हणून कोण रडतो, असे म्हणता आले असते. जपानने पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला आणि २६ जानेवारी हा दिवस आजही तेथे देवळा-वाड्यांतील अग्निप्रतिबंधाच्या कवायतींचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या प्रजासत्ताक दिनी तिकडे देवळांवर पाण्याचे फवारे उडत असतात, ते यासाठी! पुढे अजिंठा-वेरुळच्या जतनासाठी आणि सोयींसाठी जपानने कर्ज दिले, हे आपण जाणतोच.

जपानकडून सारे आदर्शच घडले, असेही नाही. १८६८ नंतर मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध यांची सक्तीने फारकत केली. हजार वर्षे लोक ज्या देवांना एकत्र पूजत होते, त्यांची सरकारी फर्मानाने वाटणी झाली आणि त्या लाटेत असंख्य बौद्ध देवळांची, मूर्तींची नासधूस झाली. ती शत्रूने केली नव्हती.

क्योतोबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तेथे सर्वच जातात. सुवर्णमंदिर सुंदर आहे. पण ते १९५० मध्ये एका तरुण भिक्षूने जाळले आणि १९५५ मध्ये पुन्हा बांधले गेले. एकच ठिकाण निवडायचे झाले, तर मी सान्जुसान्गेन्दो निवडेन. सुमारे १२० मीटर लांबीच्या दालनात अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती रांगांनी उभ्या आहेत आणि त्यांच्यापुढे रक्षक म्हणून ब्रह्मा, इंद्र, नारायण, गरुड, किन्नर. पाट्यांवरची जपानी नावे कळली नाहीत, तरी गरुडाची चोच पाहून ओळख पटते.

कोयासान मात्र चुकवू नये, आणि तेथे मुक्कामच करावा. कुकाई, म्हणजे कोबो दाइशी, यांनी इ. स. ८१६ मध्ये हे डोंगरावरचे धर्मपीठ स्थापन केले. ८३५ मध्ये ते चिरसमाधीत गेले. त्यांचा देहान्त झाला असे भक्त मानीत नाहीत. आजही त्यांना दिवसातून दोनदा अन्न नेले जाते. आळंदीच्या वाटेने गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. समाधीकडे जाणाऱ्या दोन किलोमीटरच्या वाटेवर, उत्तुंग सुगी वृक्षांखाली, दोन लाखांहून अधिक स्मारके आहेत. रणांगणात एकमेकांचे वैरी असलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन येथे शेजारी आहेत. अनेक स्मारके पाच दगडांची आहेत : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांवर सिद्धम् लिपीत अक्षरे कोरलेली असतात, अ, व, र, ह, ख. ब्राह्मीच्या वंशातील ही लिपी भारतातून नाहीशी झाली, तेथे टिकली.

आणखी एक व्यावहारिक लाभ. कोयासानच्या मठांत मुक्कामाची सोय असते आणि भोजन शुद्ध शाकाहारी असते. एरवी जपानमध्ये शाकाहाऱ्यांनी सावध असावे, कारण निव्वळ भाज्यांच्या सारातही माशांच्या कापांचा अर्क असतो.

निसर्गाचे वेगळे प्रकरण करायचे कारण नाही. तेथे निसर्गही देवच आहे. ३७७६ मीटर उंचीच्या फुजीला २०१३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, ती श्रद्धास्थान आणि कलेचे प्रेरणास्थान म्हणून. गर्दी इतकी वाढली की, २०२५ पासून चढाईच्या चारही मार्गांवर माणशी ४००० येन आकारले जाऊ लागले. कुमानोच्या यात्रामार्गावर नाचीचा १३३ मीटर उंचीचा धबधबा हीच देवता आहे. त्याच्यासमोर तोरण उभे आहे, गाभारा नाही.

पश्चिमेकडे हिरोशिमाला जावे. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुस्फोटातून उरलेला घुमट जसा होता तसाच राखला आहे. तेथे बोलण्यासारखे काही नसते. मग बोटीने मियाजिमा बेटावर. भरतीच्या पाण्यात उभे असलेले इत्सुकुशिमाचे तोरण १८७५चे आहे. ते जमिनीत पुरलेले नाही, आपल्याच भाराने उभे आहे. जपानमधील सरस्वतीच्या तीन प्रमुख स्थानांत या बेटाची गणना होते. छायाचित्रे काढून लोक पुढच्या बोटीने परत फिरतात, शेजारच्या दाइगान्जीत, जेथे ती सरस्वती आहे, थोडेच जातात.

परतताना टोकियोत सुगिनामी भागातील रेन्कोजी हे छोटे मंदिर पाहावे. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या म्हणून ठेवलेल्या अस्थींचा कलश तेथे आहे. त्या अस्थी त्यांच्याच काय, यावर मतभेद आहेत आणि मुखर्जी आयोगाने तो दावा मानला नाही. परंतु तेथील पुजाऱ्यांनी १९४५ पासून पिढ्यान्‌पिढ्या तो कलश सांभाळला आहे आणि दर वर्षी १८ ऑगस्टला तेथे स्मरणविधी होतो. अटलबिहारी वाजपेयी २००१ मध्ये तेथे गेले होते.

शेवटी दिवसांविषयी. आपल्या शाळांना सुट्या लागतात, तोवर टोकियो-क्योतोतील चेरीचा बहर ओसरलेला असतो आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तेथील लोकच सुटीवर निघालेले असतात. शक्य असल्यास दिवाळीच्या सुटीत जावे. क्योतोत तेव्हा मेपल लाल होऊ लागलेले असतात. कोयासान उंचावर असल्याने तेथे ते आधीच रंगतात. थंडी मात्र कडक असते, मुलांचे स्वेटर पिशवीत वरच ठेवावेत.