काळ्या रेषांचा नकाशा

सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी नकाशा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर. शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हा हा नकाशा मी टेबलावर पसरायचो आणि मुलं भोवती गोळा व्हायची. दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, नदी काळी का दाखवलीय?" प्रश्न अगदी मुद्द्याचा. या नकाशात बारमाही पाणी निळ्या रंगात छापतात. जो प्रवाह पावसाळ्यापुरता वाहतो आणि एरवी कोरडा असतो, तो काळ्या रंगात. आमच्या पुरंदर तालुक्याच्या नकाशावर निळा रंग शोधावा लागतो. काळ्या रेषा मात्र डोंगराच्या प्रत्येक सोंडेवरून उतरतात, एकमेकींना मिळतात, आणि शेवटी कऱ्हा नदीला येऊन थांबतात.

निवृत्त झाल्यापासून मी या काळ्या रेषा संगणकावर काढतो आहे. आज त्या कामाविषयी बोलायचं आहे.

कागदावरची रेष हे एक चित्र असतं. संगणकाला चित्र कळत नाही. त्याच्या दृष्टीनं ओढा म्हणजे ओळीनं मांडलेले बिंदू, आणि प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश. त्या ओळीचा क्रमही महत्त्वाचा आहे. उगमापासून सुरुवात करून पाणी जिकडं जातं तिकडं बिंदू मांडत जायचं. उलटीकडून मांडले तर डोळ्यांना रेष तीच दिसते, पण संगणकाच्या हिशेबी पाणी डोंगर चढू लागतं. ओढा नदीला मिळतो तिथं ओढ्याचा शेवटचा बिंदू आणि नदीवरचा बिंदू एकच असावा लागतो. दोन हातांचं अंतर राहिलं तरी ओढा कुणाच्या तरी वावरात येऊन संपला, असं संगणक धरून चालतो.

एवढी काटेकोरी कशासाठी, असं कुणी विचारेल. समजा, घाटात रसायनाचा टँकर उलटला आणि ते ओढ्यात उतरलं. खाली कोणत्या गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी त्या पाण्यावर आहेत, हे तासाभरात कळायला हवं. किंवा समजा, रस्त्याखाली नवी मोरी बांधायची आहे. तिच्यावर किती रानाचं पाणी येणार, हे आधी ठाऊक हवं. रेषा जोडलेल्या असतील तर संगणक वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडं चालत जाऊन उत्तर देतो. त्या तुटलेल्या असतील तर तो नुसतं चित्र दाखवतो.

आता मोठा प्रश्न असा की अख्ख्या देशातले ओढे काढणार कोण? त्याला एक देखणं उत्तर आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अमेरिकेचं अवकाशयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि त्यानं रडारच्या साहाय्यानं बहुतेक सगळ्या भूभागाची उंची मोजली. पुढं आपल्या इस्रोनं कार्टोसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून भारताच्या उंचीचा नकाशा तयार केला. जमिनीचे साधारण ३० मीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाची उंची लिहायची, असं त्याचं स्वरूप. मग संगणकाला एकच नियम सांगायचा: भोवतीच्या आठ चौकोनांपैकी ज्याच्याकडं उतार सगळ्यात जास्त, तिकडं या चौकोनाचं पाणी जाईल. हाच नियम प्रत्येक चौकोनाला लावत गेलं की पडद्यावर आपोआप ओहोळ उमटतात, ओहोळांचे ओढे होतात, ओढ्यांच्या नद्या होतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कऱ्हेचं सगळं खोरं काही मिनिटांत समोर आलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण हा नियम काही ठिकाणी फसतो, आणि त्यातलं एक ठिकाण आपल्याच महाराष्ट्रात आहे. उंचीच्या मोजणीत बारीकसारीक चुका राहतात, त्यामुळं जागोजाग खोटे खड्डे दिसतात. पाणी त्यांत अडकू नये म्हणून संगणक आधी सगळे खड्डे काठोकाठ भरून घेतो. आता बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आठवा. उल्केच्या आघातानं झालेलं ते विवर सुमारे १८०० मीटर रुंद आहे, आणि काठापासून तळ्याच्या पाण्यापर्यंत शे-दीडशे मीटरची उतरण आहे. आत धार नावाच्या झऱ्याचं पाणी येतं, बाहेर जायला मात्र वाट नाही. संगणक लोणारही भरून टाकतो आणि काठावरून पाणी पलीकडं सोडून देतो! हा खड्डा खरा आहे, याला हात लावू नको, असं त्याला माणसानं सांगावं लागतं.

उलटी फसगत रस्त्यांच्या भरावांची. रस्त्याचा उंच भराव संगणकाला धरणासारखा दिसतो. त्याच्या पोटात मोरी आहे हे वरून कळत नाही. मोरी पाहायला जागेवरच जावं लागतं. मी जातो. गाळानं अर्धी बुजलेली, बाभळीनं तोंड झाकलेली मोरी शोधणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम आहे.

कालव्यांपुढं तर हा उताराचा नियम चालतच नाही. नदी सगळ्यात सखल जागा धरून वाहते. कालवा जितका वरून जाईल तितकं जास्त रान भिजतं, म्हणून तो डोंगराच्या कुशीनं, अगदी नावापुरता उतार ठेवत पुढं जातो. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. नीरेचं पाणी बारामती, इंदापूरकडं नेणारा हा कालवा दीडशेहून अधिक किलोमीटर लांब आहे. त्याच्या डाव्या अंगाच्या टेकड्यांवरून नीरेकडं उतरणारा प्रत्येक ओढा त्याला आडवा येतो. बारामतीत खुद्द कऱ्हा आडवी येते. कुठं कालवा ओढ्याच्या वरून जातो, कुठं ओढ्याचं पाणी मोरीतून कालव्याखालून काढून दिलेलं असतं. पडद्यावर मात्र दोन्ही ठिकाणी नुसती फुली दिसते. तिथं दोन्ही रेषांना एक सामाईक बिंदू द्यायचा नसतो. दिला, तर कालव्याचं सगळं आवर्तन, म्हणजे पाळीनं सोडलेलं पाणी, ओढ्यात वाहून गेलं असं संगणक धरतो. ओढा नदीला भेटतो तिथं जोडायचं, आणि दोन पाणी एकमेकांना न भेटता जातात तिथं जोडायचं नाही. हा फरक उपग्रहाच्या चित्रात क्वचितच दिसतो. तो पाटकऱ्याला माहीत असतो.

कालव्याचे फाटे, फाट्यांच्या चाऱ्या, चाऱ्यांच्या शेतचाऱ्या, इथपर्यंतचा नकाशा ज्याला हवा त्याला उघडून पाहता यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी आवर्तनाची वाट पाहत बसतो. आपल्या चारीवर आपल्या वर किती दारं आहेत आणि किती क्षेत्र आहे, हे त्याला कागदावर दाखवता आलं, तर तो पाणीवापर संस्थेच्या बैठकीत नेमकं बोलू शकेल.

उताराचा नियम फसण्याचं कोयनेचं उदाहरण तर कालव्यांहून मोठं. कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जातं, असं आपण शाळेत शिकतो. उंचीचा नकाशाही तेच सांगेल. पण धरणात अडवलेलं बरंचसं पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवलं जातं. ते वाशिष्ठीत येतं आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. आठ चौकोनांच्या कोणत्याही नियमानं ही वाट सापडणार नाही. कुणीतरी डोंगराच्या आरपार एक रेष काढून तिच्यावर 'बोगदा' अशी नोंद करायला हवी.

नद्या जागा बदलतात ही आणखी एक गोष्ट. जेम्स रेनेलनं अठराव्या शतकात बंगालच्या नद्यांची मोजणी केली. त्याच्या नकाशात ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेकडून जातो. आज तो पश्चिमेकडून जातो आणि तिथं त्याला जमुना म्हणतात. २००८ च्या ऑगस्टमध्ये कोसीनं नेपाळात कुसहा इथं बांध फोडला आणि ती बिहारमध्ये आपल्या जुन्या वाटेनं निघाली. ज्यांच्या अंगणातून ती गेली, त्यांच्यापैकी अनेकांनी तिथं नदी कधी पाहिलेलीही नव्हती. नकाशावर म्हणून तारीख लागते, आणि जुनी रेष पुसून टाकण्याऐवजी जपून ठेवावी लागते.

आपल्या दख्खनच्या नद्या काळ्या पाषाणात रुतलेल्या आहेत. त्या अशा सहज हलत नाहीत. आपणच त्यांना हलवतो. पुण्याच्या आंबिल ओढ्याची वाट पेशवाईतच एकदा वळवली गेली, आणि पुढं त्याच्या काठावर वस्ती दाटत गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि त्या ओढ्यानं शहरात माणसं नेली. त्याच रात्री डोंगराच्या आमच्या अंगाला कऱ्हाही फुगली. नकाशावर जिला काळी रेष मिळाली आहे, त्या नदीचं पाणी दुसऱ्या दिवशी बारामतीत घरांत शिरलं होतं. मुंबईच्या मिठी नदीचंही असंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ही नदी आहे आणि तिला नाव आहे, हे कितीतरी मुंबईकरांना त्या दिवशी कळलं.

नावाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडं थांबतो. संगणकातल्या प्रत्येक रेषेला एक नोंदपत्र जोडलेलं असतं: प्रकार कोणता, बारमाही की हंगामी, नाव काय. मोठ्या नद्यांची अडचण नाही. आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' असं नाव दिलं, त्यामुळं आमची कोरडी कऱ्हा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण सासवडला संगमेश्वराच्या देवळापाशी तिला जी दुसरी नदी मिळते, तिला कुणी चांबळी म्हणतं, कुणी भोगावती. मी दोन्ही नावं लिहितो. त्याहून लहान ओढ्यांची नावं छापील नकाशात बहुधा नसतातच. कोकणात पऱ्ह्या आणि व्हाळ, आमच्याकडं ओढा, ओघळ, लवण, असे नुसत्या प्रकारांनाच किती शब्द! आणि एकच ओढा वरच्या वाडीत म्हसोबाचा, मधल्या गावात मळ्याचा, खालच्या गावात मसणवटीचा. यातलं खरं कोणतं? माझ्या मते तिन्ही खरी. जे गाव ओढ्याचं पाणी वापरतं, त्या गावानं ठेवलेलं नाव त्याच्या हद्दीपुरतं लिहायचं. अधिकृत नाव एकच असावं हा आग्रह कचेरीच्या सोयीचा आहे.

ही नावं झपाट्यानं चालली आहेत. घरोघर नळ आले, शेतात बोअर आले, गुरं चारायला कुणी ओढ्याकाठी जात नाही. बायका धुणं घेऊन जात तेव्हा प्रत्येक डोहाला नाव होतं. आता मेंढपाळ तेवढे सगळी नावं सांगतात, कारण मेंढ्यांना पाणी कुठं पाजायचं हे त्यांना अजून ठाऊक असावं लागतं.

हे काम आता कुणालाही करता येतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशांविषयीचे नियम बरेच मोकळे केले. पूर्वी ज्यासाठी परवानगी काढावी लागे, त्यातलं पुष्कळसं आता लागत नाही. क्यूजीआयएस नावाची नकाशे काढण्याची संगणक प्रणाली फुकट मिळते. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात जगभरची माणसं आपापल्या गावचे रस्ते आणि प्रवाह भरत असतात. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी चौघे माझ्याबरोबर येतात. आम्ही पहिल्या मोठ्या पावसानंतरचा दिवस निवडतो. फोनमध्ये मार्ग नोंदवायला लावायचा आणि वाहत्या पाण्याच्या कडेनं खाली चालत सुटायचं. उंचीच्या नकाशानं दाखवलेली रेष आणि आमची चाललेली रेष यांत कधी दहा पावलांचा फरक निघतो, तर कधी ओढाच पलीकडच्या खोऱ्यात गेलेला असतो, कारण मध्ये कुणीतरी प्लॉटिंग करताना तो बुजवून पाणी वळवलेलं असतं. अशा वेळी दोन रेषा काढतो. आज पाणी जातं ती एक, आणि पूर्वी जात होतं ती एक.

गेल्या आठवड्यात एका लांबलचक ओढ्याचं काम संपवलं. उगम झाला, तीन मोऱ्या झाल्या, पाझर तलाव झाला, संगम झाला. नावाचा रकाना तेवढा रिकामा आहे. काठावरच्या तीन वस्त्यांवर विचारलं. सगळे म्हणाले, "ओढाच म्हणतो आम्ही, गुरुजी." शेवटच्या वस्तीवर एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाव होतं. माझ्या सासूला ठाऊक होतं." सासूबाईंना जाऊन तीस वर्षं झाली. पण आजींची एक धाकटी नणंद जेजुरीच्या बाजूला दिलेली आहे आणि ती अजून धडधाकट आहे. लहानपणी ती त्याच ओढ्यावर म्हशी न्यायची. सोमवारी मी तिच्याकडं जाणार आहे.