साखर कारखान्यातील उष्णता आणि कामगारांचा हक्क



बारामती व इंदापूर हे तालुके नीरेच्या कालव्यावर आणि उसावर जगतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील धुराडी आपण रोज पाहता. त्या धुराड्यांखाली राबणाऱ्या माणसाच्या देहाची कायद्याने कितपत दखल घेतली आहे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

बॉयलरमध्ये वाफेचा दाब किती असावा, हे त्याच्या प्रमाणपत्रावर आकड्यांत लिहिलेले असते. त्यापलीकडे दाब नेण्यास मनाई आहे. परंतु त्याच बॉयलरपुढे उभ्या असलेल्या फायरमनने किती उष्णता सोसावी, याचा आकडा 1948 च्या कारखाने कायद्यात नव्हता. त्याच्या 13 व्या कलमाने प्रकृतीस अपाय होणार नाही इतपत तापमान राखावे एवढेच सांगितले, आणि प्रमाण ठरविण्याचे काम राज्य सरकारवर सोपविले. पॅन विभागात तर वाफ हवेत दाटते, घाम सुकत नाही आणि देह निवत नाही. 37 अंशांचा देह 40 अंशांपलीकडे गेला व शुद्ध हरपू लागली, म्हणजे तो उष्माघात होय.

अशा जागी कामाचे तास किती, हा प्रश्न गौण नाही. 1934 च्या कायद्याने साखर कारखाने हंगामी मानून तेथे आठवड्यास 60 तास चालू दिले होते. डॉ. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून 1946 साली ते 50 वर आले.

नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अतिउष्ण हवामानाने होणारे विकार नमूद होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. अडचण पुराव्याची आहे. उष्णतेची जखम दिसत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिले गेले की वारसांचा दावा तेथेच लंगडा होतो. म्हणून पाळी, विभाग आणि कोसळण्याची वेळ त्याच दिवशी दवाखान्याच्या कागदावर लिहवून घ्या, व मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाचा आग्रह धरा.

आणि फडातला ऊसतोड मजूर? तो मुकादमाचा, उचलीने बांधलेला. कंत्राटदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाने द्यावी असे 1923 च्या कायद्याचे 12 वे कलम सांगे. पण मालकाने जेथे काम पत्करले आहे किंवा जी जागा त्याच्या ताब्यात आहे, तिच्याबाहेरच्या अपघातास तेच कलम लागू होत नसे. फड शेतकऱ्याचा, ऊस कारखान्याचा, ऊन मात्र मजुराचे! तोडणी ज्याच्या कार्यक्रमानुसार होते, त्या कारखान्यावरच ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत टाकावी, ही मागणी आपण लेखी केली पाहिजे.