माझं मी

सकाळी बालवाडीच्या रिक्षाचा भोंगा कोपऱ्यावर वाजू लागला असता, पुण्यातल्या पेठांपासून कोथरूडच्या सदनिकांपर्यंत घरोघरी जो तंटा नित्यनेमाने उपस्थित होतो, त्याची कैफियत साधारणतः अशी असते : तीन वर्षांचे मूल सदऱ्याचे बटण स्वतः लावू पाहते, ते काही केल्या काजात शिरत नाही, आई घड्याळाकडे पाहते, मुलाचे हात बाजूला सारून चारही बटणे झटपट लावून टाकते, आणि मूल तीच बटणे ओढून काढून, ‘माझं मी!’ म्हणून टाहो फोडीत जमिनीवर लोळण घेते. वडीलधाऱ्यांचा निवाडा ठरलेला असतो, की मूल हट्टी आहे, लाडावले आहे. ह्या निवाड्यावर आज मी मुलाच्या वतीने अपील गुजरणार आहे.

साधारण दीड वर्षापासून मुलाला हळूहळू उमगू लागते की आपण आईहून निराळे कोणी आहोत आणि आपल्या इच्छेने आपला हात चालतो; ही मुखत्यारी खरी की खोटी ह्याची ते दिवसभर परीक्षा घेत असते, आणि म्हणूनच ते भाताला, अंघोळीला, नव्या सदऱ्याला, एवढेच काय पण आवडत्या लाडवालासुद्धा प्रथम ‘नाही’ म्हणते. (स्पष्ट नकाराविषयी निदान पुणेकरांनी तरी तक्रार करू नये.) एरिक एरिक्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ह्या वयातील मुख्य झगडा एका बाजूस स्वायत्तता आणि दुसऱ्या बाजूस लज्जा व संशय, असा मांडला आहे. ज्याच्या हातातले काम पुनःपुन्हा काढून घेतले जाते त्या मुलाला अखेर स्वतःच्या हातांचाच भरवसा वाटेनासा होतो, आणि पुढे सहाव्या-सातव्या वर्षी तेच मूल बुटाचे बंद पुढे करून आईची वाट पाहत स्वस्थ बसले की आपण त्याला आळशी म्हणतो!

काम हातातून काढून न घेता मूल कसे शिकवावे, ह्याचा एक दाखला पाहा. १९०७ साली रोममधील सान लोरेंझो ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत बालशिक्षणतज्ज्ञ डॉ. मारिया माँटेसरी ह्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे एवढाच धडा दिला. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे स्वच्छ करावे, हे सावकाश करून दाखविले. मुले एकाग्रतेने पाहत राहिली आणि धडा संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेंबड्या नाकावरून त्यांना बोलणी आजवर पुष्कळ बसली होती. ते पुसावे कसे, हे मात्र त्यांचा मान राखून कोणी शिकविले नव्हते.

आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ह्या बालशिक्षणतज्ज्ञांनी मुलाचा मान राखून त्याला स्वतःचे काम स्वतः करायला शिकविण्याचा हा विचार नुसता उचलला नाही, तर आपल्या मातीत रुजविला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी ह्या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, आणि पुण्याच्या हुजूरपागा ह्या मुलींच्या शाळेत शिक्षिका राहिलेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा ह्या दोघींचा बाणा होता, आणि त्यातूनच अंगणवाडी उभी राहिली.

आपण शहरवासी मात्र मुलीसाठी तुळशीबागेच्या बाजारातून पितळी भातुकली हौसेने विकत आणतो, आणि तीच मुलगी ओट्याशी येऊन खऱ्या कणकेचा गोळा मागू लागली की ‘मध्ये मध्ये करू नकोस’ म्हणून तिला खेळण्याकडे पिटाळतो. तिला गोळा द्यावा. पोळी कशीही वाकडी झाली तरी ती तव्यावर टाकावी आणि पानात वाढावी. मटार सोलणे, अर्धा भरलेला तांब्या पानाशी नेणे, सांडलेले फडक्याने टिपणे, ही कामे तीन वर्षांच्या मुलाला झेपतात. फडके आणि टॉवेल त्याच्या हाताला लागेल एवढ्या उंचीच्या खुंटीवर असावे, इतकाच बंदोबस्त घरात करावा लागतो. आणि मुलाने घडी घातलेली चादर त्याच्या देखत पुन्हा घालू नये. तोंडाने दिलेली शाबासकी त्या एका कृतीने रद्द होते.

बटणाचा तंटा मिटविण्याची एक युक्ती सांगतो. आरंभीची बटणे आपण लावावीत आणि शेवटचे अर्धे काजात घालून मुलाकडे सोपवावे, म्हणजे काम पुरे केल्याचा मान त्याच्या पदरी पडतो. ते साधले की शेवटची दोन, मग तीन, असे उलट दिशेने मागे यावे. हा अभ्यास रविवारी किंवा सायंकाळी करावा. रिक्षा दारात असताना, ‘आज उशीर झाला, आज मी लावते, संध्याकाळी तू लाव,’ असे सरळ सांगावे आणि संध्याकाळी ते वचन पाळावे. आजीआजोबांनाही ह्या तहात सामील करून घ्यावे, नाही तर आईने दिलेली सवलत आजीच्या मायेने परत घेतली जाते.

विस्तव, सुरी आणि रहदारी ह्यांच्या बाबतीत मात्र मुलाची मुखत्यारी चालत नाही, आणि तेथे लांबलचक समजूत घालीत बसू नये. लक्ष्मी रस्ता ओलांडताना हात धरायचा का, असे मुलाला विचारूच नये. हात घट्ट धरावा, रडले तरी धरावा, आणि पलीकडे पोहोचल्यावर भाजीची लहान पिशवी कोणी घ्यायची ते त्याला ठरवू द्यावे.