अक्षर नसलेली पोथी



तुम्ही आता वाचू लागला आहात. पोथी हातात धरून आपली आपण ओवी लावण्यात केवढा आनंद असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज मी एका निराळ्या पोथीची हकिकत सांगणार आहे. या पोथीत नुसती चित्रे असतात. त्या चित्रांवरून रामायण आणि महाभारत सांगितले जाते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यात, पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथे ठाकर समाजाची वस्ती आहे. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथीचा खेळ करीत आले. एका कथेची सगळी चित्रे एकत्र बांधली, की झाली पोथी. खेळ करणारा खाली बसतो. पुढ्यात फळी उभी करतो आणि तिला एक चित्र टेकवतो. आधी गणपतीला नमन होते. मग हुडूक घुमतो, टाळ वाजतात. गात, बोलत कथा पुढे सरकते. एक प्रसंग संपला, की ते चित्र खाली जाते आणि दुसरे वर येते. याच लोकांकडे चामड्याच्या बाहुल्यांचा आणि कळसूत्री बाहुल्यांचाही खेळ असतो.

आपल्या आज्या-पणज्यांना कुठे वाचता येत होते? तरी त्यांना सीता ठाऊक होती, रावण ठाऊक होता. ते अशाच कलावंतांमुळे, नाही का?

मुंबईत १८५७ साली चित्रकलेची मोठी शाळा निघाली. ती जे. जे. या नावाने ओळखली जाते. तिथून नामवंत चित्रकार तयार झाले. पण पिंगुळीच्या पोराची शाळा म्हणजे घरची ओसरी. बाप रंग कालवी, पोरगा बघे. बाप गाई, पोरगा मागे सूर धरी. या शाळेला दाखला नाही आणि शिक्काही नाही.

मग या माणसांचे पोट कसे चाले? सावंतवाडीच्या राजांनी त्यांना आश्रय दिला होता. देवळांत, जत्रांत खेळ होत. १९४८ साली ते संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे सिनेमा आला, घरोघरी टीव्ही आला. खेळाला बोलावणी कमी झाली. पोरे दुसऱ्या कामाला लागली. जुनी चित्रे गावाबाहेर विकली गेली.

आता नीट ध्यान द्या. चित्र गेले, तर दुसरे काढता येते. पण त्या पोथीत अक्षर नाही. कथा कशी सांगायची, कुठे सूर चढवायचा, हे सांगणाऱ्याच्या डोक्यात असते. तो माणूस गेला आणि त्याचा पोरगा शिकला नाही, तर चित्र राहील, पण मुके राहील.

पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी ही कला सोडली नाही. २००६ साली त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात चित्रांचे आणि बाहुल्यांचे संग्रहालय थाटले. मुलांनाही कला शिकवली. २०२१ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ही मोठीच गोष्ट झाली. पण पद्मश्री एखाद्यालाच मिळते. बाकीच्या कलावंतांचे काय?

आपल्याही भागात पाहा. कुठे वासुदेव आहे, कुठे शाहीर, कुठे सनईवाला, कुठे भिंतीवर चित्रे काढणारी बाई. आपण त्यांचे कौतुक करतो. पण पैशाची वेळ आली, की काय होते? मांडववाल्याला पैसे आधी. कर्णेवाल्याला आधी. आणि गाणाऱ्याला म्हणतो, "उरलं तर देऊ. तुमचं नाव तर झालं ना!" अहो, नावावर चूल पेटते का?

कोणी म्हणेल, "आम्हीच गरीब. आम्ही काय देणार?" खरे आहे. पण मी दान मागत नाही. कामाचे दाम मागतो. एक हिशेब मांडू. समजा, पाच माणसांच्या मेळाला आपण ५,००० रुपये ठरवले. जाण्यायेण्याला १,००० गेले. उरले ४,०००. वाटणीला आले ८०० रुपये. येणे, खेळ करणे आणि परतणे यांत दोन दिवस मोडले. म्हणजे दिवसाला ४०० रुपये. मग ५,००० चा आकडा ऐकून "फार मागतात" म्हणणे बरे आहे का?

तर आपण काय करावे?

पहिले, बोलवावे. जत्रेला, शाळेच्या कार्यक्रमाला वर्षातून एकदा तरी आपल्या भागातला कलावंत बोलवावा. दर साल ठरलेले एक बोलावणे त्याला मोठा आधार देते.

दुसरे, आधी ठरवावे आणि लिहून काढावे. तारीख, बिदागी, प्रवासखर्च, जेवण. तुम्हाला आता लिहिता येते, मग त्याचा उपयोग करा. एक चिठ्ठी त्याच्याकडे, एक आपल्याकडे. थोडा विसार आधी द्यावा. बाकीची रक्कम त्याच रात्री द्यावी. "उद्या या" म्हणू नये.

तिसरे, चित्र किंवा बाहुली घ्यायची, तर शक्यतो करणाऱ्याच्या हातून घ्यावी. त्याचे नाव विचारावे. चित्राखाली त्याला ते लिहायला सांगावे. येत नसेल, तर त्याला आपल्या वर्गाला घेऊन यावे.

चौथे, मुलांना पुढे बसवावे. आज बघणाऱ्या पोरांतलाच एखादा उद्या शिकायला येईल.

मंडळी, राजे होते तेव्हा आश्रय देणे त्यांच्याकडे होते. आता ते गावाकडे आले आहे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. पुढच्या जत्रेची बैठक भरेल, तेव्हा खर्चाचा कागद मागा. आता तो तुम्हाला वाचता येईल. त्यात कलावंताच्या नावापुढे किती आकडा आहे, ते पाहा. जागा कोरी असेल, तर उठून विचारा.