आमचा पणजा कागदात कुठे आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. रेल्वेत नोकरी केली, रिटायर झालो. पण एका घरच्या कामासाठी मला जुन्या दप्तरात डोके घालावे लागले. कमिटीने त्यावरच बोलायला सांगितले आहे, म्हणून उभा राहिलो.

काम असे होते. नातीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन घ्यायची होती. जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची, त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिजे. आता गंमत बघा. माझे वडील १९५६ साली दीक्षेला नागपूरला गेले होते. जी जात त्यांनी दीक्षाभूमीवर टाकली, तिचाच कागद मी शोधत फिरणार! पण इलाज नाही. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० साली मिळाल्या, त्या मूळच्या अनुसूचित जातीतले म्हणून. तेव्हा मुळाचा कागद लागतोच. वडील शाळेत गेलेले नाहीत. आजा गिरणीत बदली कामगार होता. घरात जुना कागद म्हणाल तर एक रेशनकार्ड, तेही १९५० नंतरचे.

कोणीतरी म्हणाले, जनगणनेत बघा, इंग्रजांनी सगळ्यांना मोजले होते. मला पटले. आपल्याकडे पहिली जनगणना १८७२ ची, मग १८८१ पासून दर दहा वर्षांनी. सातारा जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर वाचनालयात बसून चाळले. त्यात महार किती, ते काय खातात, काय नेसतात, गावात कोणती कामे करतात, सगळे आहे. नाव मात्र एकाचेही नाही. बेरीज झाली आणि माणसामाणसाच्या नोंदी कोणी जपून ठेवल्या नाहीत. पुढच्या काळातल्या नोंदी तर १९४८ च्या जनगणना कायद्याने गुप्तच आहेत, आपल्याला बघायला मिळत नाहीत. म्हणजे माझा पणजा त्या आकड्यात एक आहे, पण कुठला एक, ते कळायची सोय नाही.

बाहेरच्या देशांत तसे नाही. इंग्लंडात शंभर वर्षांनी आणि अमेरिकेत बहात्तर वर्षांनी घरोघरच्या याद्या लोकांना खुल्या होतात. पण अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गोष्ट ऐका. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी असे. त्यात मालकाचे नाव, आणि खाली गुलामाचे फक्त वय, लिंग आणि रंग. नाव जवळजवळ कुठेच नाही. गुलामी गेली आणि १८७० च्या यादीत तीच माणसे पहिल्यांदा नावानिशी आली. पुढे शेतमजूर, लोहार असा धंदाही लिहिलेला. १८८० पासून घरात कोण कोणाचे काय लागते तेही लिहू लागले. ॲलेक्स हेली यांना आजीने लहानपणी ज्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, ती माणसे त्यांना या १८७० च्या यादीत सापडली. त्यावरून त्यांनी १९७६ साली ‘रूट्स’ लिहिले. त्यातल्या आधीच्या पिढ्यांबद्दल अभ्यासकांनी पुढे शंका काढल्या, ते असो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच. तात्यांना हे नाते तेव्हाच दिसले होते.

आता आपल्या गावाकडे येऊ.

जमिनीच्या कागदात बघितले. आपल्या लोकांची वतनी जमीन, हाडकी-हाडवळा म्हणतात ती. आमच्या गावच्या जुन्या उताऱ्यात तिच्यापुढे “समस्त महार” एवढेच. १९५८ च्या कायद्याने वतन गेले, पैसे भरून जमिनी परत नावावर झाल्या, तेव्हा कुठे एकेकाचे नाव चढले. आमचा आजा त्यावेळी मुंबईत. त्याचे चढलेच नाही. सरकारी सारा तालुक्याला पोचवायला बरोबर आपला माणूस, शिवेचा तंटा पडला तर साक्षीला आपला माणूस, त्याचा शब्द प्रमाण. आणि उताऱ्यात समस्त!

नोकरीतले एक सहकारी होते, त्यांनी सांगितले की कोतवाल बुक बघा. पूर्वी गावातली जन्म-मृत्यूची नोंद त्यात होत असे, गाव नमुना नंबर चौदा. ही बुके तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. गेलो. पहिल्यांदा उत्तर मिळाले की पाने जीर्ण आहेत. दुसऱ्यांदा, साल सांगा. साल मला कुठले माहीत?

मग गेलो आत्याकडे. आत्या गावाजवळच दिलेली, ऐंशीच्या पुढे गेलेली, पण डोके शाबूत. तिला साल विचारून उपयोग नाही. ती म्हणाली, “तुझा पणजा मानमोडीत गेला. आन् आमच्या बापाच्या पाठीवरची बहीण बी त्याच आठवड्यात.” मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, १९१८ ची. झाले, साल मिळाले.

बुक मोडीत. मला मोडीचे अक्षर येत नव्हते. एक निवृत्त शिक्षक बरोबर नेले, चहा-जेवणावर आले बिचारे. १९१८ च्या ऑक्टोबरची पाने काढली. एरवी ज्या गावात महिन्याला दोन-तीन मयत, तिथे पानेच्या पाने भरलेली, अक्षर घाईचे. गुरुजी बोट ठेवून वाचत होते आणि एकदम थांबले. पणजाचे नाव, पुढे “बिन” आणि त्याच्या बापाचे नाव. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बापाच्या नावाला शेवटी “नाक” लावलेले, भीमा-कोरेगावच्या स्तंभावर आपण वाचतो तसे. जात महार. वय चाळीस. कारण ताप. चार ओळी खाली त्याच बापाची मुलगी, वय दोन. तिचे नाव लिहिलेले नाही.

वय चाळीस म्हणजे पणजा जन्मला १८७८ च्या सुमाराला, मोठ्या दुष्काळाच्या शेवटी. ज्या १८८१ च्या आकड्यात मी त्याला शोधत होतो, त्यात तो तीन वर्षांचा पोर होता.

मग मागे जाऊन १९१४ चे जन्म काढले. तिथे आमचा आजा आहे, पण “मुलगा” एवढाच. बापाच्या नावावरून आणि आत्याने सांगितलेल्या भावंडांच्या क्रमावरून ओळखायचा. आणि पणजी? जिने त्या एका आठवड्यात नवरा आणि मूल गमावून उरलेली पोरे वाढवली, तिचे नाव एकाही कागदात नाही. आत्याला आठवते, म्हणून मला माहीत.

नकला मिळाल्या, पडताळणी झाली. पण यात वर्ष गेले आणि नातीची त्या सालची जागा गेली. दुसऱ्या वर्षी घेतली. आपल्या वस्तीत अशी घरे आणखी आहेत, म्हणून एवढे बोललो.

दोन गोष्टी कामाच्या सांगतो. शाळेचे जनरल रजिस्टर सोडू नका. बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झाले, त्या रजिस्टरात आजही “भिवा रामजी आंबेडकर” असे वाचता येते. आणि आडनावावर विसंबू नका. त्यांचे घराणे सकपाळ, गाव आंबडवे, आणि रजिस्टरात तिसरेच. आपल्याकडेही एका घरात तीन आडनावे असतात. गाव आणि बापाचे नाव धरून चला.

कागदाच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे वही घेऊन बसा. कोण कोणाच्या पाठीवरचे, कोण कुठल्या साथीत गेले, कोणाला कुठल्या गावी दिली, हे विचारा. आमची आत्या गेल्या पावसाळ्यात वारली. तिच्या सासरकडचे विचारायचे राहूनच गेले.

मी आता मोडी शिकलो आहे, अडखळत वाचतो. ज्यांच्याकडे जुन्या नकला पडून असतील त्यांनी रविवारी वंदनेनंतर घेऊन यावे, मी इथेच बसलेला असतो. चष्मा घेऊन येतो.

जयभीम, नमो बुद्धाय.