केपटाउनला जाताना


दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनला जायचा बेत आहे?
मग एवढं ध्यानात ठेवा.
छत्रीपेक्षा तिथं वारा अडवणारं जाकीट कामाला येतं.

तिथले ऋतू आपल्या उलट.
आपल्याकडे थंडी, तेव्हा तिथं उन्हाळा.
डिसेंबर ते फेब्रुवारी ऊन कडक असतं.
पण याच दिवसांत आग्नेयेकडून जोराचा वारा सुटतो.
टेबल माउंटनच्या सपाट माथ्यावर पांढरे ढग पसरतात,
मेजावर चादर अंथरावी तसे.
वारा फार वाढला, की डोंगरावर जाणारी केबल कार बंद ठेवतात.
म्हणून पहिला शांत, स्वच्छ दिवस मिळाला,
की आधी डोंगर पाहून घ्या.

आता हिवाळा.
जून ते ऑगस्ट.
तिथला पाऊसही मुख्यतः याच महिन्यांत पडतो.
वायव्येकडून वारा आणि पाऊस एकत्र येतात.
अशा वेळी छत्री उलटी होते.
टोपी असलेला रेनकोट घ्या.
लोकरीचा स्वेटर आणि बंद बूट घ्या.

बॅग कशी भरावी?
एकावर एक घालता येतील असे कपडे ठेवा.
गरम झालं की एक काढायचा, वारा आला की पुन्हा चढवायचा.
हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी ठेवा.
सनस्क्रीन विसरू नका.
वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण त्वचा भाजते.
आणि अटलांटिकच्या बाजूचं पाणी भर उन्हाळ्यातही गारच असतं.
पोहायला उतरताना मुलांना जपा.

तेव्हा श्रोतेहो, पुन्हा सांगते.
ऋतू कोणताही असो,
वारा अडवणारं जाकीट बॅगेत सगळ्यात वर ठेवा.
प्रवास सुखाचा होवो.